नाव, भाषा आणि भूमी : प्रेअरीवरील दोन कादंबऱ्यांचे पुनर्वाचन

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या प्रेअरीवर, म्हणजे मध्यपश्चिमेकडील उंच गवताच्या अफाट मैदानांवर, जाऊन वसलेल्या युरोपीय स्थलांतरितांचे जीवन चित्रित करणाऱ्या कादंबऱ्यांची एक ठळक परंपरा आहे. विला कॅथर (१८७३-१९४७) यांच्या ‘ओ पायोनियर्स!’ (१९१३) व ‘माय आन्तोनिया’ (१९१८) आणि ओले एडवर्ट रोल्वाग (१८७६-१९३१) यांची ‘जायंट्स इन दि अर्थ’ (इंग्रजी अनुवाद १९२७) या तिच्यातील सर्वमान्य अभिजात कृती होत. या कादंबऱ्यांचे रूढ वाचन त्यांना महाकाव्यात्म मानते. माणूस आणि निसर्ग यांच्यातील झगडा, एका पिढीचे अपार कष्ट, टोळधाडी, हिमवादळे आणि अखेरीस नांगराखाली आलेली भूमी, असा या महाकाव्याचा आराखडा सांगितला जातो.

या वाचनामागे एक इतिहासविषयक भूमिकाही उभी आहे. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे वाचलेल्या निबंधात असा सिद्धांत मांडला, की अमेरिकन समाजाची घडण सीमाप्रदेश पश्चिमेकडे सरकत गेल्यामुळे झाली. सीमाप्रदेशाच्या मुशीत स्थलांतरित वितळतो आणि अमेरिकन होऊन बाहेर पडतो, हे या सिद्धांतातील एक महत्त्वाचे गृहीतक होय. वितळताना नेमके काय नाहीसे होते आणि त्याचा हिशेब कोणी ठेवायचा, हा प्रश्न मात्र टर्नर यांच्या निबंधात मध्यवर्ती नाही. तो प्रश्न कादंबरीने विचारला. महाकाव्यात्म वाचनात तोच झाकला जातो.

भूमी मिळवण्याची क्रिया या कादंबऱ्यांत केवळ शारीरिक नाही. ती मुळात भाषिक क्रिया आहे. २० मे १८६२ रोजी मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी १८६३ पासून अमलात आलेल्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ मोफत देऊ केली. परदेशी माणसाने अमेरिकन नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेला असला, तरी त्याला या कायद्याचा लाभ घेता येई. जमीन-कार्यालयात नाव नोंदवायचे, पाच वर्षे तेथे राहून जमीन कसायची आणि मग पक्का दस्त मिळवायचा, अशी ही रीत होती. म्हणजे नांगर जमिनीत उतरण्यापूर्वी नाव कागदावर उतरावे लागे आणि ते परक्या भाषेतील कागदावर. भूमी ज्या नाण्यात मिळाली त्याच नाण्यात तिची किंमतही मोजावी लागली. हे नाणे म्हणजे नाव आणि भाषा. रोल्वाग आणि कॅथर या दोघांनाही या व्यवहाराची जाणीव आहे. फरक आहे तो निवेदनाच्या स्थानाचा : एकाने हा व्यवहार भाषा गमावणाऱ्याच्या बाजूने पाहिला, तर दुसरीने ती भाषा न जाणणाऱ्या शेजाऱ्याच्या बाजूने. या दोन कृतींचे मोलही आणि त्यांच्या मर्यादाही या स्थानभेदातून उलगडू शकतात.

२

रोल्वाग यांचा जन्म नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या डोन्ना बेटावर, मच्छीमारांच्या वस्तीत झाला. ते स्वतः लोफोटेनच्या मासेमारीवर जात. १८९६ मध्ये ते दक्षिण डकोटात आले, तेथे शेतावर राबले आणि पुढे मिनेसोटातील सेंट ओलाफ महाविद्यालयात नॉर्वेजियन भाषा व साहित्य शिकवू लागले. त्यांची ही कादंबरी मूळ नॉर्वेजियन भाषेत, अमेरिकेत लिहिली गेली आणि नॉर्वेत १९२४ व १९२५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. लिंकन कोलकॉर्ड यांच्या साहाय्याने लेखकाने सिद्ध केलेला इंग्रजी अनुवाद १९२७ मध्ये आला. एका अमेरिकन अभिजात कृतीचे मूळ इंग्रजीत नाही, ही साधी वस्तुस्थिती तिच्या आशयापासून वेगळी काढता येत नाही.

शीर्षकातील बदलही याच दृष्टीने अर्थपूर्ण आहे. बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, पृथ्वीवर त्या दिवसांत राक्षसी देहाचे पुरुष होते, अशा अर्थाचा उल्लेख येतो. नॉर्वेजियन शीर्षकाने त्यातील ‘त्या दिवसांत’ हे शब्द उचलले, तर इंग्रजी शीर्षकाने त्या महाकाय पुरुषांचा उल्लेख उचलला. एकाचा भर काळावर, स्मरणावर आहे, तर दुसऱ्याचा पराक्रमावर. त्याच अध्यायात पुढे प्रलयाची वार्ता येते, हे लक्षात घेतले तर त्या पराक्रमावरही सावट आहे. परंतु इंग्रजी शीर्षकावरून आत शिरणाऱ्या वाचकाला आधी भेटतात ते महाकाय पुरुषच.

कथानक १८७३ च्या उन्हाळ्यात डकोटा प्रदेशात सुरू होते. पेर हान्सा, त्याची गरोदर पत्नी बेरेट आणि मुले स्प्रिंग क्रीकच्या काठी आपल्या सोबत्यांना गाठतात व गवताच्या मुळ्यांनी घट्ट धरलेल्या मातीची ढेकळे रचून घर बांधतात. पेर हान्साच्या ठायी लोककथेतल्या धाकट्या भावाचा उत्साह आहे. प्रत्येक अडचण ही त्याला पुढच्या राज्याची पायरी वाटते. बेरेटला मात्र या सपाट मैदानावर लपायला आडोसाच दिसत नाही.

या दोघांमधील भेद रोल्वाग यांनी मनोवृत्तींच्या वर्णनातून दाखवला आहे, पण त्याहून अधिक तो एका घटनेतून दाखवला आहे. आपल्या शेजाऱ्यांच्या जमिनीवर परक्या माणसांची नावे कोरलेले हद्दीचे खुंट पेर हान्साला सापडतात. ती नावे आयरिश माणसांची आहेत. तो कोणालाही न सांगता खुंट उपटतो, लपवतो आणि जाळून टाकतो. पुढे ते आयरिश येतात तेव्हा त्यांच्याजवळ कागद नाहीत असे सिद्ध होते. जमीन वाचते आणि पेर हान्सा वस्तीचा नायक ठरतो. कायद्याच्या दृष्टीने त्याची बाजू पडत नाही. बेरेट मात्र हादरून जाते. शेजाऱ्याच्या हद्दीची खूण हलवणे हे तिच्या परंपरेत घोर पाप आहे. बायबलमध्ये त्याला शाप सांगितला आहे. खुंटावरील नावे कायदेशीर होती की नाहीत, हा तिचा प्रश्नच नाही. नाव पुसता येते, असे ज्या भूमीवर माणसाला वाटू लागते त्या भूमीवर माणूस म्हणून काय उरणार, हा तिचा प्रश्न आहे.

हा प्रश्न लवकरच घरात येतो. नव्या देशातील नोंदींसाठी आडनाव हवे, म्हणून पेर हान्सा ‘होल्म’ हे नाव घेतो. जुन्या रीतीत माणसाचे नाव बापाच्या नावाशी बांधलेले असे. ते टाकून नवे घेणे बेरेटला बाप्तिस्म्यातून मिळालेली ओळख फेकून देण्यासारखे वाटते. वस्तीत जन्मलेल्या मुलाला पेर हान्सा ‘पेडर विजयी’ असे नाव देतो, तेव्हाही तिची हीच वेदना उफाळून येते. सैतानाच्या या मैदानावर कोणाही माणसाला विजयी म्हणणे तिला ईश्वरनिंदा वाटते. खुंट, आडनाव आणि मुलाचे नाव हे तीन प्रसंग एकत्र वाचले, की कादंबरीचा कणा दृष्टीस पडतो. पेर हान्सासाठी नाव हे साधन आहे. ते घेता येते, टाकता येते, जाळता येते. बेरेटसाठी नाव हे पूर्वजांशी आणि ईश्वराशी असलेले बंधन आहे.

३

बेरेटची व्यक्तिरेखा समीक्षेला नेहमीच अडचणीची ठरलेली आहे. व्हर्नन पॅरिंग्टन यांच्यासारख्या समीक्षकांनी १९२०च्या दशकातच या कादंबरीतील मानसिक किमतीकडे लक्ष वेधले आणि तिचे मोठेपण त्यातच पाहिले. परंतु ‘किंमत’ या शब्दात एक गृहीतक दडलेले असते : व्यवहार योग्यच होता, फक्त तो महाग पडला. बेरेटचे म्हणणे याहून मूलगामी आहे. तिला व्यवहारच मान्य नाही.

तिच्या तथाकथित वेडाची लक्षणे तपासली, तर त्यांत एक सुसंगती आढळते. ती खिडक्यांवर कपडे टांगते, कारण बाहेरच्या रिकामेपणाला तोंड नाही आणि तरी तो पाहतो आहे असे तिला वाटते. पूर्वजांच्या काळापासून घरात असलेली मोठी पेटी ती सोबत घेऊन आली आहे. पहिल्या हिवाळ्यात, बाळंतपणात आपण मरणार अशी तिची खात्री झाल्यावर, आपल्याला याच पेटीत पुरावे अशी तिची इच्छा असते. टोळधाड येते तेव्हा पेर हान्साला ती मुलांसह याच पेटीत दडलेली सापडते. पुढे फिरता धर्मोपदेशक वस्तीवर येतो, तेव्हा प्रभुभोजनाच्या विधीसाठी वेदी म्हणून हीच पेटी वापरली जाते. जन्मदेशातून आलेली वस्तू शवपेटी, आसरा आणि वेदी अशा तीन रूपांत फिरते. प्रेअरीवर जुन्या जगाला जागा उरली आहे ती एवढीच, एका पेटीच्या आकाराची. धर्मोपदेशक बेरेटला बरे करतो याचे कारणही येथे शोधावे लागते. तो तिला नवे तत्त्वज्ञान देत नाही. तिच्या भाषेतील जुने शब्द, जुना विधी आणि क्षमेचे जुने सूत्र तो त्या मातीच्या घरात उच्चारतो. बेरेटचा आजार हा एका अर्थी संवादक हरपल्याचा आजार होता.

अर्थात रोल्वाग बेरेटला संत ठरवत नाहीत. बरी झालेली बेरेट कडवी धार्मिक होते. हान्स ओल्सा मरणपंथाला लागतो तेव्हा त्याच्यासाठी धर्मोपदेशकाला आणायला, भर हिमवादळात, ती पेर हान्साला बाहेर पडायला भाग पाडते. मे महिन्यात मुलांना त्याचे प्रेत गवताच्या जुन्या गंजीला टेकलेले सापडते. चेहरा पश्चिमेकडे असतो. या शेवटाचे सोपे वाचन असे, की बेरेटच्या धर्मवेडाने नायकाचा बळी घेतला. परंतु कादंबरीची रचना हे वाचन पुरेसे ठरू देत नाही. खुंट जाळणारा माणूस अखेर एका मरणाऱ्या मित्राला त्याच्या भाषेतील अंतिम शब्द मिळावेत म्हणून मरतो. ज्या जगाला त्याने मागे टाकले असे मानले, त्या जगाच्याच कामी तो येतो. त्याची दृष्टी मात्र पश्चिमेकडेच राहते. दोन्ही निष्ठा एकाच देहात गोठलेल्या आहेत आणि लेखक त्यांतील एकीची निवड करत नाही.

पुढील दोन खंडांत हेच सूत्र विस्तारते. विधवा बेरेट घरात नॉर्वेजियनचा आग्रह धरते, तर धाकटा पेडर शाळेतील इंग्रजीकडे ओढला जातो आणि एका आयरिश कॅथलिक मुलीशी लग्न करतो. ज्या आयरिशांची नावे बापाने जाळली त्यांचीच मुलगी सून म्हणून घरात येते. हा काव्यगत न्याय आहे, पण त्यातून समेट होत नाही. तिसऱ्या खंडात ते लग्न मोडते. हद्दीचे खुंट उपटून टाकता येतात, भाषा आणि श्रद्धा यांच्या हद्दी मात्र राहतात, असे या त्रयीचे जणू म्हणणे आहे.

४

‘माय आन्तोनिया’ची रचना मुळापासून निराळी आहे. येथे स्थलांतरित बोलत नाही; तिच्याविषयी बोलले जाते. निवेदक जिम बर्डन हा व्हर्जिनियातून नेब्रास्कात आलेला, इंग्रजी भाषक, अनाथ मुलगा. तो आणि बोहेमियातून आलेले शिमर्दा कुटुंब एकाच गाडीने प्रवास करतात, पण वेगळ्या डब्यांत. पुढच्या डब्यात त्याच्याच वयाच्या आसपासची एक परदेशी मुलगी आहे असे कळूनही तो लाजून तिकडे जात नाही. कादंबरीतील पुढचे सगळे अंतर या पहिल्या अंतरात बीजरूपाने आहे. प्रौढ जिम हा एका रेल्वे कंपनीचा वकील आहे. याच रेल्वेमार्गांनी स्थलांतरितांना प्रेअरीवर आणले आणि जमिनीचे मोल वाढवले. प्रास्ताविकात सांगितल्याप्रमाणे, आपल्या हस्तलिखितावर तो आधी ‘आन्तोनिया’ एवढेच लिहितो आणि मग काही विचार करून त्याआधी ‘माय’ हा शब्द घालतो.

हा ‘माझी’ प्रेमाचा आहे, यात संशय नाही. पण तो मालकीचाही आहे. जमिनीवर नावाचा खुंट ठोकणे आणि व्यक्तीच्या नावापुढे षष्ठीचे सर्वनाम लावणे या दोन क्रियांमध्ये काही नाते आहे. ब्लांश गेलफंट यांनी १९७१ मधील आपल्या निबंधात जिमच्या स्मृतीची विश्वसनीयता तपासून पाहिली आणि त्याच्या गोडव्यामागील भय व टाळाटाळ उघड केली. त्या विवेचनाला भाषेची बाजू जोडणे आवश्यक आहे. जिमच्या स्मृतीतून गळते ते केवळ भय नव्हे; आन्तोनियाची भाषाच त्या स्मृतीत नसते.

याची उदाहरणे संहितेतच आहेत. पहिल्याच भेटीत आन्तोनिया आकाशाचे, डोळ्यांचे, रंगाचे इंग्रजी नाव विचारते आणि काही शब्दांच्या मोबदल्यात आपली चांदीची अंगठी देऊ पाहते. जिम ती नाकारतो, पण भाषेला द्यावे लागणारे मोल त्या लहान मुलीला आधीच उमगलेले आहे. तिचा बाप इंग्रजी व बोहेमियन अशा दोन्ही वर्णमाला असलेले पुस्तक जिमच्या आजीच्या हाती देतो आणि मुलीला शिकवण्याची काकुळतीने विनवणी करतो. पुस्तकात वर्णमाला दोन आहेत, शिक्षण मात्र एकाच दिशेने चालते. आन्तोनियाचे नाव प्रथम येते तेथे लेखिकेने तळटीप देऊन त्याचा उच्चार समजावला आहे. ही टीप कोणासाठी, याचे उत्तर उघड आहे. रशियन पावेलने मरणशय्येवर सांगितलेली लांडग्यांची भयकथा जिमपर्यंत पोचते ती आन्तोनियाच्या मोडक्या इंग्रजीतून. आणि वाचकापर्यंत येते ती जिमच्या घोटीव इंग्रजीतून. कादंबरीतील सर्वांत थरारक आख्यान अशा रीतीने दोनदा भाषा बदलून आलेले आहे. तरीही ते वाचताना भाषांतराची जाणीव होत नाही, याला कॅथर यांचे कौशल्यही म्हणता येईल आणि जिमची सत्ताही.

शिमर्दाचा मृत्यू हा या दृष्टीने कादंबरीचा निर्णायक प्रसंग होय. वादक असलेला, मायदेशी मान असलेला हा माणूस पहिल्याच हिवाळ्यात स्वतःवर गोळी झाडून घेतो. इंग्रजी त्याला येत नव्हती. आत्महत्या केलेल्या कॅथलिकाला दफनभूमीत जागा मिळत नाही. शेजारच्या नॉर्वेजियन मंडळींची दफनभूमीही त्याला नाकारली जाते. शेवटी त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यावर, जेथे पुढे रस्ते एकमेकांना छेदणार आहेत तेथे, त्याला पुरतात. जिमचे प्रॉटेस्टंट आजोबा इंग्रजीत प्रार्थना करतात. ती उदार आणि प्रांजळ आहे. पण ज्याच्यासाठी ती केली, त्याला ती समजली नसती. बेरेटला अखेर जे मिळते ते शिमर्दाला मरणानंतरही मिळत नाही.

५

या भाषिक प्रश्नाला तत्कालीन इतिहासाची धार आहे. ‘माय आन्तोनिया’ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, महायुद्धाच्या वातावरणात, आयोवाचे राज्यपाल विल्यम हार्डिंग यांनी शाळांत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, दूरध्वनीवर आणि भाषणांत इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरू नये असे फर्मान काढले. चर्चमधील प्रवचनेही त्यातून सुटली नाहीत. कॅथर यांच्या प्रास्ताविकातील संभाषण आयोवा ओलांडणाऱ्या आगगाडीतच घडते, हा योगायोग असला तरी बोलका आहे. तो संवाद आन्तोनियाच्या भाषेत झाला असता तर त्या वर्षी तो फर्मानाविरुद्ध ठरला असता. १९१९ मध्ये नेब्रास्काच्या विधिमंडळाने आठवी इयत्ता पूर्ण होण्यापूर्वी परकीय भाषा शिकवण्यास बंदी केली. एका ल्युथरन शाळेतील शिक्षकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये ती रद्द ठरवली. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, स्थलांतरावर राष्ट्रनिहाय कठोर मर्यादा घालणारा कायदा आला आणि त्याच वर्षी रोल्वाग यांच्या कादंबरीचा पहिला भागही आला. वारशाने आलेल्या भाषेची बाजू मांडणारे त्यांचे निबंध १९२२ मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे त्यांचे नॉर्वेजियनमध्ये लिहिणे ही केवळ सवय नव्हती. ती भूमिका होती.

कॅथर या प्रश्नाविषयी उदासीन होत्या, असे मात्र म्हणता येणार नाही. १९२३ मध्ये ‘द नेशन’ या नियतकालिकात नेब्रास्काविषयी लिहिलेल्या लेखात त्यांनी एकभाषी अमेरिकन घडवू पाहणाऱ्या या धोरणावर स्पष्ट टीका केली. कादंबरीचा शेवटही या भूमिकेशी सुसंगत आहे. वीस वर्षांनी जिम आन्तोनियाला भेटतो, तेव्हा तिचे घर मुलांनी, फळबागेने आणि तळघरातील बरण्यांनी भरलेले असते. त्या घरात बोहेमियन बोलली जाते. मुलांना शाळेत जाईपर्यंत इंग्रजी येत नाही आणि आन्तोनिया स्वतःच आपली इंग्रजी विसरत चालली आहे. जिमने शिकवलेली भाषा तिने वापरली आणि गरज संपल्यावर बाजूला ठेवली. या एका तपशिलाने ‘माझी’ या शब्दाची पकड सैल होते. जिमच्या स्मृतीत न मावणारी एक आन्तोनिया त्या स्वयंपाकघरात आहे, ती दुसऱ्या भाषेत नांदते आहे आणि निवेदकाला तिच्या उंबऱ्यापर्यंतच येता येते. कॅथर यांची श्रेष्ठता निवेदकाच्या गोड आठवणींपेक्षा निवेदकाला ही मर्यादा घालण्यात आहे.

याच्याशी ‘ओ पायोनियर्स!’ ताडून पाहिली, तर १९१३ ते १९१८ या काळात कॅथर कोठवर आल्या हे कळते. स्वीडिश वंशाच्या अलेक्झांड्रा बर्गसनचे यश हे जमिनीवरील श्रद्धेचे यश म्हणून मांडलेले आहे. ती जमीन गहाण टाकून आणखी जमीन घेते आणि काळ तिच्या बाजूने कौल देतो. तेथे भाषेचा प्रश्न वातावरणापुरता राहतो. ‘माय आन्तोनिया’त तो कथनाच्या रचनेत शिरला आहे.

६

दोन्ही कादंबऱ्यांत आणखी एक मौन आहे आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. प्रेअरी रिकामी नव्हती. यांकटन लोकांकडून १८५८ च्या करारान्वये आजच्या आग्नेय दक्षिण डकोटातील विस्तीर्ण भूभाग घेण्यात आला. होमस्टेड कायद्याच्याच वर्षी मिनेसोटात डकोटा लोकांशी युद्ध झाले आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्काटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. पॉनी लोकांना १८७०च्या दशकाच्या मध्यास नेब्रास्कातून हलवण्यात आले. ‘माय आन्तोनिया’तील ब्लॅक हॉक हे गाव कॅथर यांच्या रेड क्लाउड या गावावर बेतलेले आहे. वास्तवातील नाव लाकोटा नेत्याचे, कल्पित नाव सॉक नेत्याचे. माणसे गेली आणि त्यांची नावे गावांना मिळाली. नाव पुसण्याहून हा प्रकार वेगळा आहे, पण कमी क्रूर नाही.

कादंबऱ्यांत या लोकांचे अस्तित्व खुणांच्या रूपाने येते. पेर हान्साच्या जमिनीजवळच्या टेकडीवर एक इंडियन कबर आहे. एके दिवशी इंडियनांचा एक ताफा येतो, पेर हान्सा त्यांच्यातील एकाच्या चिघळलेल्या हातावर उपचार करतो आणि पुढे त्याबद्दल त्याला एक तट्टू भेट मिळते. हा प्रसंग माणुसकीचा आहे. पण कबर आधीपासून तेथे आहे, याचा अर्थ काय, हे कोणी विचारत नाही. आयरिशांच्या लाकडी खुंटांनी व्याकूळ होणाऱ्या बेरेटच्या तोंडीही या जुन्या खुणेविषयी तो प्रश्न येत नाही. ‘माय आन्तोनिया’त बर्फ पडल्यावर गवतात एक मोठे वर्तुळ उमटलेले दिसते. इंडियन तेथे घोडे फिरवीत, एवढेच सांगितले जाते. ते शर्यतीसाठी की कैद्यांच्या छळासाठी, यावर घरातल्यांचे तर्क चालतात. खूण वाचायला जी भाषा हवी ती कोणाजवळच नाही.

आणि तरीही या कादंबऱ्यांतच एक प्रतिमा आहे जी या मौनाला तडा देते. शिमर्दाच्या कबरीवरून पुढे रस्ते जायचे होते, पण ते थोडे वळून गेले. चौफेर शेते नांगरली गेली, पण त्या कबरीवरचा उंच तांबड्या गवताचा लहानसा तुकडा बेटासारखा राहिला. एका परभाषक, आत्मघात केलेल्या, कोणत्याही दफनभूमीत जागा न मिळालेल्या माणसामुळे मूळ प्रेअरीचा एक अंश वाचला. विजयाच्या महाकाव्यात या तुकड्याला स्थान नाही. त्यावर नांगर चालला नाही आणि कोणी मालकीचा खुंटही ठोकला नाही. गमावलेली भाषा आणि गमावलेली भूमी या दोन्हींची स्मृती एकाच ठिकाणी राखली जाणे, ही या परंपरेतील सर्वांत सखोल जाण होय.

या कादंबऱ्या मराठी वाचकाला सामान्यतः इंग्रजीतून भेटतात. त्यामुळे तो नकळत जिम बर्डनच्या आसनावर बसतो. रोल्वाग यांच्या मूळ संहितेतील उत्तर नॉर्वेच्या बोलीचा पोत इंग्रजीत सपाट होतो. नॉर्वेजियनमध्ये मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखी संबोधने आहेत. इंग्रजीत त्यांच्या जागी एकच सर्वनाम उरते. जो वाचक स्वतःच्या भाषेत हा भेद रोज पाळतो, त्याला या सपाटीमागे काय हरवले असावे याची अटकळ बांधता येणे अवघड नाही. बेरेटचे दुःख त्याला इंग्रजीतून कळते, म्हणजे जिच्या भयाने ती ग्रासली होती त्याच भाषेतून. अनुवादाने तिला जगभर नेले आणि तिची भीतीही खरी ठरवली. ही विसंगती कोणत्याही समीक्षेला सोडवता येणार नाही. मात्र ती विसरून या कादंबऱ्यांना विजयगाथा म्हणणे म्हणजे पेर हान्साने केले तेच पुन्हा करणे होय : दुसऱ्याचे नाव असलेले खुंट गुपचूप उपटून जाळणे.